छत्री भेट देऊ नये

कांग म्हातारबुवांनी जिवंतपणी कुणाचं ऐकलं नाही, आणि मरून वर्ष झालं तरी ती खोड काही गेली नव्हती. सकाळपासून त्यांनी साऱ्या घराला ताटकळत ठेवलं होतं.

होमेई गावातल्या त्यांच्या तिमजली घरात, तळमजल्यावर, वर्षश्राद्ध मांडलं होतं. टेबलावर अख्खी उकडलेली कोंबडी, तळलेला मासा, सोया सॉसमध्ये लाल होईस्तोवर शिजवलेलं डुकराचं मांस, तांदळाच्या शेवया आणि एक भलंमोठं पपनस. विधी तसा साधा होता. वर्षभर म्हातारबुवांच्या उदबत्त्यांची कुंडी वेगळी होती, लहानशी. आज तिच्यातली चिमूटभर राख पूर्वजांच्या मोठ्या कुंडीत मिसळायची आणि त्यांचं नाव पूर्वजांच्या पाटीवर चढवायचं. मग माणूस सुटला आणि घरचेही सुटले. फक्त त्याआधी मेलेल्याला विचारावं लागतं, येता ना म्हणून.

विचारायचं म्हणजे पोए टाकायचे. पोए हे लाकडाचे दोन अर्धचंद्र, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. प्रश्न मोठ्याने बोलायचा आणि ते जमिनीवर सोडायचे. एक उताणा, एक पालथा पडला की होकार. दोन्ही पालथे म्हणजे नकार. आणि दोन्ही उताणे पडले तर समोरचा तुम्हाला हसतोय, धड विचारा, असा अर्थ. एकुलता मुलगा म्हणून विचारण्याचा मान बुन-खायचा होता. साठीकडे झुकलेला, पोट सुटलेला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेला बुन-खाय गुडघे टेकून प्रत्येक वेळी विचारत होता, "बाबा, येता ना?" आणि प्रत्येक वेळी दोन्ही पोए पालथे पडत होते.

"पुन्हा नाही," विधी सांगायला आलेले साय-कोंग, म्हणजे तिकडचे भटजी, म्हणाले. पिवळ्या झग्याच्या बाहीने त्यांनी कपाळ पुसलं. त्यांना पुढे लुकांगला दुसरा विधी होता आणि त्यांची नजर वारंवार दाराबाहेर उभ्या असलेल्या स्कूटरकडे जात होती.

बुन-खायची थोरली बहीण बी-खिम ताइचुंगहून तेवढ्यातच पोचली होती. तिचा आवाज असा, की ती बोलू लागली की गल्लीतली कुत्री गप्प बसायची.

"बाबांना काहीतरी कमी पडतंय," तिने निदान केलं. "तू काय काय जाळलंस, ते सांग आधी."

"सगळं जाळलं, ताई."

"सगळं म्हणजे काय?"

"बंगला. गाडी."

"ड्रायव्हर?"

"ड्रायव्हरसकट. टीव्ही, वॉशिंग मशीन, मोबाईल."

"आणि चार्जर?"

बुन-खाय घुटमळला. "मोबाईलच्या डब्यात असेल की."

"डब्यात असेल! अरे, हल्ली जिवंत माणसाला डब्यात चार्जर मिळत नाही, मेलेल्याला मिळणार आहे? वर्षभर तो बंद फोन घेऊन बसायचं का त्यांनी?"

हे सारं अर्थातच कागदाचं. मेलेल्याला जे जे पोचवायचं ते कागदाचं करून जाळायचं, ही तिकडची रीत. पूर्वी कागदाची एक हवेली आणि दोन नोकर दिले की माणूस परलोकात सुखी असे. आता तिथेही दर वर्षी नवा फोन निघतो. कागदी सामानाच्या दुकानात भिंतभर वस्तू लटकतात, आणि गेल्या वर्षीचं मॉडेल जाळणाऱ्याकडे दुकानदार अशा नजरेने बघतो, जणू त्याने बापाला उपाशीच ठेवलंय.

"आणखी काय दिलंस?" बी-खिमने विचारलं.

"आणखी एक..." बुन-खाय पोएंकडे बघत म्हणाला, "एक कारखाना."

तो त्याने मुद्दाम सांगून करवून घेतला होता. निळं छप्पर, आत ओळीने शिवणयंत्रं, त्यांच्यापुढे बसलेल्या कागदी बायका, आणि दाराशी बोटाएवढ्या रंगीत छत्र्यांचा ढीग. सकाळी अंगणातल्या लोखंडी पिंपात तो पेटला तेव्हा बुन-खायचे डोळे भरून आले होते. त्याला वाटलं होतं, बाबा खूश होतील.

बी-खिमने छातीवर हात ठेवला. "छत्र्या दिल्यास? बाबांना? भेट म्हणून?"

"ताई, त्यात काय..."

"त्यात काय! आई, ऐकलंस का? तुझ्या लेकाने बाबांना छत्र्या भेट दिल्या!"

तर त्याचं असं आहे. तिकडच्या बोलीत छत्रीला म्हणतात सुआ. आणि सुआ म्हणजेच पांगणं, ताटातूट होणं. म्हणून कुणी कुणाला छत्री भेट देत नाही. नवराबायकोत दिली तर काडीमोड, मित्रांत दिली तर अबोला. कांग कुटुंबाचा जन्म छत्र्यांत गेला, पण या घरातून एक छत्री कधी फुकट बाहेर गेली नाही. पावसात पाहुणा निघाला की म्हातारबुवा एका हाताने छत्री पुढे करायचे आणि दुसरा हात नाण्यासाठी. नाणं दिलं की ती विकली, दिली नाही. बुन-खायच्या बायकोने, ले-इंगने, लग्नाआधी पहिल्यांदा या घरी पाऊल टाकलं तेव्हा तिच्याकडूनही त्यांनी नाणं घेतलं होतं, आणि ती बिचारी माहेरी जाऊन सांगत बसली होती की लोक जरा चिकट दिसतात.

"श्राद्धात छत्री चालते," साय-कोंग मधे पडले. "पाटी उन्हातून नेताना वर छत्री धरतोच ना आपण?"

"ती सावलीची छत्री, महाराज. ही भेटीची. याने ढीगभर दिल्यात!"

साय-कोंगनी विचार केला आणि ते मुकाट्याने मागे सरले. बुन-खायचा चेहरा उतरला. ताईला मेलेल्या बापाची काळजी होती, ती खरीच. पण त्याला धसका बसला तो वेगळ्याच कारणाने. पांगणं या एका शब्दाला तो गेले कित्येक महिने भीत होता, आणि हा शब्द बाबांपर्यंत त्याने स्वतःच्या हाताने पोचवला होता.

म्हातारबुवांनी कारखाना सुरू केला तो याच तळमजल्यावर. तेव्हा गल्लीतल्या घरोघरी बायका टीव्हीवरची मालिका बघत काड्या बांधायच्या, पोरं शाळेतून येऊन मुठी बसवायची, आणि होमेईच्या छत्र्या जहाजांत भरून साऱ्या जगात जायच्या. मग इथली मजुरी वाढली. म्हातारबुवांनी यंत्रं उचलली आणि समुद्रापलीकडे फुकिएनला नेली. तिथली मजुरी वाढली तेव्हा बुन-खायने ती उचलली आणि व्हिएतनामला, लाँग-आनला नेली. प्रत्येक वेळी मागे रिकामी शेड राहायची आणि काही बायका दाराशी उभ्या राहून ट्रक जाताना बघायच्या. बुन-खायने फुकिएनच्या त्या बायकांकडे मागे वळून पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर पाय उचलला नसता.

आणि प्रत्येक मुक्कामाला छत्री थोडी खंगत गेली. काड्या कमी झाल्या, उरलेल्या बारीक झाल्या, कापड कांद्याच्या सालासारखं झालं. सगळा माल घ्यायची ती अमेरिकेतली एक मोठी दुकानसाखळी. तिच्या खरेदीवर मेरेडिथ नावाची एक तरुण बाई होती, बोलायला फार गोड. छत्री टिकाऊ करून दाखवली तेव्हा ती गोडच हसून म्हणाली होती, "मिस्टर कांग, ही टिकली तर गिऱ्हाईक पुढच्या वर्षी आमच्या दुकानात कशाला येईल?" बुन-खायला तेव्हा ते पटलंही होतं. छत्र्या मोडत होत्या म्हणून त्याच्या मुली शिकल्या, हे तो विसरला नव्हता.

आता मेरेडिथला व्हिएतनामही महाग झालं होतं. अमेरिकेच्या सरकारने तिथून येणाऱ्या मालावर नवे कर बसवले होते. तिने इथिओपियातली एक जागा सुचवली. तिकडे शेड तयार आहे, वीज स्वस्त, मजुरी त्याहून स्वस्त. जायचं तर होमेईचं हे घर गहाण टाकावं लागणार होतं. बँकेत सह्या सोमवारी, आणि त्याच संध्याकाळचं विमान. यातलं आईला काहीच ठाऊक नव्हतं. ले-इंगला निम्मं ठाऊक होतं आणि उरलेलं निम्मं ती विचारायला घाबरत होती.

दुसरीही एक वाट होती. लाँग-आनच्या शेडला लागून तुआन नावाच्या माणसाचा रेनकोटचा कारखाना होता. त्या देशात माणूस दुचाकीवरच लहानाचा मोठा होतो, तिथे छत्री कोण धरणार? तुआनला जागा कमी पडत होती. "शेड द्या, यंत्रं द्या, शिवणाऱ्या बायकाही द्या, आणि तुम्ही घरी जाऊन सुखाने झोपा," असं तो केव्हापासून म्हणत होता. बुन-खाय हसून विषय बदलायचा. बाबांनी उभं केलेलं आपल्या हातून मोडायचं? मग रात्री तो जागा राहून हिशेब मांडायचा की इथिओपियाची मजुरी वाढली की कुठे? त्यानंतर कुठे? पृथ्वी गोल आहे. स्वस्त देश शोधत असंच पुढे पुढे गेलो तर फिरून एक दिवस होमेईच्या याच तळमजल्यावर येऊन आदळू. आणि इतक्या छत्र्या जातात तरी कुठे? त्या लोकांना हात तर दोनच असतात.

बी-खिमला अर्थातच उपाय सुचला होता. तिने म्हातारबुवांची जुनी पँट शोधून आणली, खिसे चाचपले आणि एक नाणं काढून बुन-खायच्या तळहातावर आपटलं. "घे. बाबांनी दिलं. आता त्या छत्र्या त्यांनी विकत घेतल्या. विचार."

बुन-खायने विचारलं. दोन्ही पोए उताणे पडले.

"हसतायत," साय-कोंग म्हणाले.

"बाबा? हसतायत?" बी-खिम चमकली. "जन्मात कधी हसले नाहीत ते!"

तिने पुन्हा टाकायला लावलं. दोन्ही पालथे. मग तिने स्वतःच दुकानात फोन लावला. थोड्या वेळात स्कूटरवरून माणूस येऊन एक खोकं देऊन गेला. आत कागदाची मालिशची खुर्ची, तीन बटणांची, आणि कागदाचा चार्जर. खोक्याच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर बुन-खायची नजर गेली आणि तो बघतच राहिला. माल फुकिएनचा होता. गावही तेच, जिथे त्यांची शेड होती. ज्या बायका त्याच्या ट्रककडे बघत उभ्या होत्या, त्यांतल्याच कुणी ही खुर्ची चिकटवली असेल का, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याने ते खोकं पटकन उलटं करून ठेवलं.

खुर्ची जळाली. चार्जर जळाला. पोए पुन्हा पालथे.

"आता काय बाई द्यायचं राहिलं!" बी-खिमने शेवटी हात टेकले. "शेवयांचा गोळा झाला तिकडे. ले-इंग, गरम तरी कर त्या."

साय-कोंगनी थोडी विश्रांती जाहीर केली आणि ते चहाचा पेला घेऊन पायरीवर जाऊन बसले.

बुन-खाय अंगणात आला. पिंपाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर त्याची आई किम-ह्यो शेंगा फोडत बसली होती. सकाळपासून तिने चकार शब्द काढला नव्हता. गर्दीत ती ऐकू येत नसल्याचं सोंग घ्यायची. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"बस," ती म्हणाली. "गुडघे दुखले असतील."

तो पायरीच्या कडेवर टेकला. तिने सोललेले चार दाणे त्याच्या हातावर ठेवले.

"तू बापाला काय विचारतोस रे?"

"येता ना, म्हणून."

"ते तोंडाने. मनात काय असतं?"

बुन-खायने दाणे तोंडात टाकले, चावले, आणि मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "मनात सोमवार असतो, आई."

"सोमवारी काय आहे?"

एकदा सुरुवात झाल्यावर त्याला थांबता येईना. मेरेडिथ, कर, इथिओपिया, विमान, सगळं त्याने सांगितलं. घराचं शेवटी सांगितलं, खाली बघत.

किम-ह्योच्या हातातली शेंग तशीच राहिली. "हे घर? ज्यात मी बसलेय ते?"

"हो."

"मेल्या, मला विचारायचंस तरी!"

"तुला झोप लागली नसती."

"आणि तुला लागतेय ती? आरशात बघ जरा. तुझ्या बापाचा मेल्यावरचा चेहरा बरा होता." तिने शेंग फोडली. "तुला जायचंय का तिकडे?"

हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. बँकेने परतफेडीचं विचारलं होतं, मेरेडिथने माल कधी निघेल ते विचारलं होतं.

"नाही," तो म्हणाला, इतक्या झटकन की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"मग घोडं अडलंय कुठे?"

"बाबांनी उभं केलं ते. माझ्या हातून त्याचं सुआ व्हावं? सगळं पांगावं? त्यात आज मी छत्र्याच देऊन बसलो."

किम-ह्यो हसली. पुढचे दात नव्हते, त्यामुळे ती हसली की अगदी लहान मुलीसारखी दिसायची. "वेडा रे वेडा. सुआ म्हणजे तेवढंच का? देवळासमोर बाहुल्यांचा खेळ व्हायचा, आठवतं? खेळ संपला की खेळवाला ओरडायचा, 'सुआ! सुआ!' म्हणजे झालं, पांगा आता, घरी जा. कुणी रडलं का कधी? लोक आपापली स्टुलं उचलायचे आणि चालू लागायचे. तू तर झोपलेला असायचास. तुझा बाप खांद्यावर टाकून आणायचा. खेळ काय जन्मभर चालवायचा? बाहुल्या नाचवणाऱ्याचे हात दुखतात की."

बुन-खायने तिच्या पुढ्यातली एक शेंग उचलली. 

"आणि दुसरं सांगू?" आईने आवाज खाली आणला. "तुझ्या बापाने म्हातारपणी आपल्या कारखान्याची छत्री कधी वापरली नाही. जपानी छत्री आणली होती त्याने. कपाटाच्या मागे लपवायचा. म्हणायचा, आपल्या छत्रीचा भरवसा नाही, भिजवेल."

"काय सांगतेस!"

"बोलू नको बी-खिमजवळ. साऱ्या ताइचुंगला सांगेल."

बुन-खायला हसू फुटलं. आधी नुसतं नाकातून, मग पोट हलवून, मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. पायरीवरचे साय-कोंग वळून बघू लागले. बाप मेला त्या दिवशीही तो इतका रडला नव्हता, आणि इतका हसला तर कित्येक वर्षांत नव्हता.

"जा," आई म्हणाली. "जे मनात आहे ते बोल त्याच्याशी. खुर्च्या कसल्या देता त्याला!"

सगळे पुन्हा टेबलापाशी जमले. बुन-खायने गुडघे टेकले, पोए हातात घेतले आणि मोठ्याने, सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाबा, कारखाना मला पुढे न्यायचा नाहीये. मेरेडिथबाई मला इथिओपियाला धाडतायत. त्यासाठी हे घर गहाण टाकावं लागेल. त्यापेक्षा मी शेड आणि यंत्रं तुआनला देतो म्हणतो. देऊ का? बंद करू का?"

मागे बी-खिमच्या हातातला पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला. ले-इंग स्वयंपाकघराच्या दारात थबकली.

पोए पडले. दोन्ही उताणे.

"हसतायत," साय-कोंग हलक्या आवाजात म्हणाले. "पुन्हा विचारा. नीट."

बुन-खायने पोए उचलले.  "बाबा, बंद करू का?"

दोन्ही पालथे. त्यात संशयाला जागाच नव्हती.

 बुन-खाय त्या दोन फुगीर पाठींकडे बघत राहिला. आता आपण खचणार, असं त्याला वाटलं. छातीवर तो नेहमीचा दगड येऊन बसेल, आपण मान खाली घालू, सोमवारी बँकेत जाऊ. तो वाट बघत राहिला. पण दगड काही येईना. उलट त्याला बापाचा राग आला, साधा, खणखणीत, लहानपणी यायचा तसा. आणि रागाच्या मागोमाग एक मोकळेपणा आला, की याच्यापुढे आता विचारण्यासारखं काही उरलेलंच नाही.

"बाबा," तो म्हणाला, "माझंच चुकलं. मी विचारायला नको होतं. मी तुम्हाला सांगतोय. कारखाना मी बंद करतोय. घर गहाण टाकणार नाही. तुम्ही पहिल्यांदा काडी बारीक केलीत, मी ती आणखी बारीक केली, आता यापुढे बारीक करायला काडीच उरलेली नाही. तुम्हाला आवडो न आवडो."

"अरे, नकार आलाय!" बी-खिम किंचाळली.

"ऐकलं मी, ताई. ते हयात होते तेव्हा तरी कधी हो म्हणाले होते?" त्याने पोए उचलून कपाळाला लावले. "आता एवढंच विचारतो. घरी येता?"

एक पोए जागच्या जागी पडला, उताणा. दुसरा गरगरत टेबलाखाली गेला. बी-खिमने साडेतीन हजारांचा नवा झगा विसरून जमिनीवर लोळण घेतली, मोबाईलचा दिवा पाडला आणि टेबलाच्या पायांमधून तिचा आवाज आला, या खेपेला अगदी बारीक.

"पालथा आहे."

साऱ्या घराचा जीव भांड्यात पडला. साय-कोंगनी घंटा वाजवायला जराही उशीर लावला नाही. लुकांगकर त्यांची वाट बघत असणार. चिमूटभर राख या कुंडीतून त्या कुंडीत गेली, पाटीवर नाव चढलं, आणि कांग म्हातारबुवा आपल्या बापाशेजारी, आज्याशेजारी जाऊन बसले. किम-ह्योने उदबत्ती लावली आणि पाटीकडे बघून म्हणाली, "सुटलास बाबा."

मग सगळे जेवायला बसले. शेवया चिकट झाल्या होत्या, मासा गार झाला होता, आणि सगळ्यांनी ते अधाशासारखं खाल्लं. बी-खिम तोंडात घास असतानाच भावाला झाडत होती. "घर गहाण टाकणार होतास आणि मला सांगितलं नाहीस! मी मेले होते का?" ती शिव्या देत होती आणि त्याच्या वाडग्यात मांसाचे तुकडे वाढत होती.  जाता येता ले-इंगने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ ठेवला.

जेवण झाल्यावर त्याने तुआनला फोन लावला. तुआन आनंदाने ओरडलाच. बुन-खायने बायकांचं विचारलं. शिवणाऱ्या सगळ्या ठेवतो, तुआन म्हणाला, पण काड्या बांधणाऱ्यांचं काय करू? रेनकोटला काड्या नसतात.

"त्यांना शिवण शिकव," बुन-खाय म्हणाला. "मी येऊन राहतो तिथे. त्यांचे हात बसेपर्यंत राहतो. मगच सही." तुआनने जरा कुरकुर केली आणि मानलं. सगळ्यांचे हात बसतील की नाही, हे बुन-खायला ठाऊक नव्हतं. पण या वेळी तो ट्रकबरोबर निघून जाणार नव्हता.

मग त्याने मेरेडिथला निरोप लिहिला. तिकडे पहाट असेल, पण उत्तर लगेच आलं. त्या बाईलाही झोप नसावी.

"मग आता मी छत्र्या कुणाकडून घेऊ?"

"काही दिवस कुणाकडूनच घेऊ नका," त्याने लिहिलं. "लोकांच्या घरात असतील की जुन्या."

"त्या मोडल्या असतील."

"हो. त्या मीच केल्यात."

 मग आलं, "माझे वरचे लोक हे ऐकणार नाहीत. आठवडाभरात मला दुसरा कुणीतरी शोधावा लागेल. पण मिस्टर कांग, मला तुमचा हेवा वाटतो."

दुसरा कुणीतरी तिला मिळणारच होता, हे बुन-खायलाही ठाऊक होतं. आज ना उद्या इथिओपियातल्या त्या शेडमध्ये कुणीतरी यंत्रं लावणारच होतं. ते किती दिवस चालेल, कुठल्या देशात जाऊन थांबेल, हे त्याला सांगता आलं नसतं. पण हे सारं आपल्यावाचून चालू शकतं, हे इतकी वर्षं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. जगाच्या छत्र्यांची चिंता त्याच्यावर कुणी सोपवलेली नव्हती. त्याने फोन पालथा घातला.

पाहुणे पांगले. बी-खिम उरलेली कोंबडी डब्यात भरून घेऊन स्टेशनकडे गेली. अंगणातल्या पिंपात राख निवली होती. किम-ह्यो पुन्हा आपल्या खुर्चीत येऊन बसली होती, आणि बुन-खाय तिच्याजवळ, चपला काढून, पाय लांब करून.

"म्हणजे सोमवारी तू घरीच?" आईने विचारलं.

"घरीच."

"मग जेवायला काय करू?"

बुन-खाय आठवू लागला. विमानतळावरचं खाणं, कारखान्यातल्या डब्यातलं खाणं, उभ्या उभ्या तोंडात कोंबलेला पाव, हे सगळं त्याला पटकन आठवलं. आपल्याला काय आवडतं, ते मात्र काही केल्या आठवेना. आई शेंगा बाजूला ठेवून वाट बघत होती. तिला घाई नव्हती, आणि त्यालाही नव्हती.

"रताळं घालून भाताची पेज कर," शेवटी तो म्हणाला. "पातळ."

"पातळ करते," ती म्हणाली.